हेडफोनमधला श्वास

रविवारी सकाळी त्या दुकानाचं शटर अर्धंच वर जायचं, तरी बाहेर रांग लागलेली असायची. रांगेत सगळी शहाणीसुरती माणसं. वकील, बँकेतून निवृत्त झालेले साहेब, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, आणि एक तर चक्क विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडणारा. ही सगळी मंडळी कंबरेत वाकून, डोकं सांभाळत शटरखालून आत शिरायची. शटर पूर्ण का उघडत नाही असं कोणी विचारलंच, तर दुकानदार म्हणायचा, "इथे येताना मान झुकलीच पाहिजे." यावर कोणी हसत नसे.

दुकानदाराला सगळे कानगुरुजी म्हणत. पूर्वी याच जागेत तो मिक्सर आणि इस्त्र्या विकायचा, पण ती गोष्ट आता कोणी काढत नव्हतं. आत जाड पडदे, पंखा बंद, मोबाइल काढून टोपलीत ठेवायचे, आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक मोठा काळा हेडफोन. कान पूर्ण गिळून टाकेल एवढी त्याची वाटी, आणि तिच्या कडेला लोण्यासारखी मऊ गादी. किमतीची चिठ्ठी कुठेच नाही. किंमत विचारणं हे तिथे असंस्कृतपणाचं लक्षण समजलं जाई.

"संगीत सगळेच ऐकतात," कानगुरुजी बोलायचे, शेजारच्या खोलीत कोणी आजारी झोपलंय अशा बेताने. "पण प्राण किती जणांना ऐकू येतो? ही वायर पूर्ण अंधारात विणलेली आहे. उजेड लागला की तांबं बुजतं."

तांबं बुजतं हे ऐकून विम्यावाल्यानेसुद्धा मान डोलावली. खोटं पकडायचा पगार त्याला सोमवार ते शुक्रवारचाच मिळत असावा.

मग प्रयोग सुरू व्हायचा. आधी काउंटरवरचा साधा, पातळ स्पंजाचा हेडफोन हातोहात फिरायचा. "काय ऐकू आलं?" "गाणं." "फक्त गाणं," असं म्हणून गुरुजी कीव आल्यासारखं बघायचे. मग काळा हेडफोन चढवायचा. "डोळे मिटा. खोल श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या. तिकडे तुमचा कलाकारही श्वास घेतोय. त्याच्या श्वासात आपला श्वास मिळवा. दोन्ही जुळले की समजा, साधना फळली."

आणि फळायची. गाणं थांबलं की मधल्या शांततेत श्वास ऐकू यायचा. अगदी कानाशी, उबदार, जिवंत माणसाचा. वकीलसाहेबांच्या गालावरून पाणी ओघळायचं. हल्ली तर लोक आपापल्या गेलेल्या माणसांची रेकॉर्डिंग घेऊन यायला लागले होते. कुणाच्या वडिलांचं भाषण, कुणाच्या बहिणीचं गाणं. गुरुजींनीच तसं सुचवलं होतं. बाजार कुठे आहे हे इस्त्र्या विकणाऱ्यालाही कळतं.

पुढच्या रांगेत डोळे मिटून बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणजे बाबा, आणि सगळ्यात मागे हाताची घडी घालून बसलेली ती त्यांची लेक. लेक कानाची डॉक्टर. या सगळ्याला तिने तोंडावर थोतांड म्हटलं असतं, पण आई गेल्यावर वर्षभराने बाबा पहिल्यांदाच इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडले होते, म्हणून ती गप्प होती.

बाबा हे आयुष्यभर सिनेमाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते, आणि आई त्याच स्टुडिओतली पावलंवाली. पडद्यावर नायिका जिना उतरते तेव्हा आपल्याला ऐकू येतात ती पावलं बहुतेक वेळा नायिकेची नसतातच. पडद्याकडे बघत, खडीच्या नाहीतर वाळूच्या ट्रेमध्ये दुसरंच कोणीतरी चालत असतं. आई चालायची. कोपऱ्यात तिची बूटचपलांची गोणी असायची. दिग्दर्शक म्हणायचा, आता म्हातारी चालवा, आता गर्भारशी, आता दारू प्यालेला चोर, आणि आई ते सगळे व्हायची. काचेपलीकडे कानांवर हेडफोन चढवून बाबा तिला ऐकत बसायचे. लग्न ठरलं तेही असंच. बाबांनी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता, पण चाल पाठ झाली होती.

आई गेली ती फुप्फुसांच्या दुखण्याने. शेवटचे दिवस बाबा खाटेशेजारी खुर्ची टाकून तिचा श्वास ऐकत बसले होते. एका दुपारी पाण्याची बाटली भरायला म्हणून व्हरांड्यात गेले आणि परत येईपर्यंत खोली शांत झाली होती. त्या दिवसापासून ते एकच वाक्य फिरवून फिरवून बोलत. "आयुष्यभर कानांवर पोट भरलं, आणि खरं ऐकायचं तेव्हा मी नळाखाली बाटली धरून उभा होतो."

लेकीकडे यावर औषध नव्हतं. रोज दवाखान्यातून येताना ती बाबांकडे डोकवायची, झाकलेलं ताट तसंच झाकलेलं बघायची आणि ते आवरायची.

त्या रविवारी कानगुरुजींनी काळा हेडफोन बाबांना आठवडाभर घरी नेऊ दिला. सोमवारी संध्याकाळी लेक आली, तेव्हा खिडक्या उघड्या होत्या. बाबांनी दाढी केली होती. ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. आणि कपाटावरचं जुनं टेपमशीन, ज्याच्याकडे त्यांनी वर्षभर पाहिलंही नव्हतं, ते पुसून टेबलावर मांडलेलं होतं.

"ये, ये. बस इथे. हे ऐक," असं म्हणत त्यांनी हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. रीळ फिरायला लागलं. खडीवर पावलं आली. आईची. घाईने निघालेली, मग मध्येच थबकलेली. आणि त्या थबकण्यात, अगदी कानाशी, कोणीतरी श्वास घेतला.

आई, असं लेकीच्या ओठांवर आलंसुद्धा. पण तिच्यातली डॉक्टर सवयीने जागी झाली. तिने आपला श्वास रोखला. कानातला श्वास थांबला. तिने सोडला, तोही सुटला. अशी तक्रार तिच्याकडे नेहमीच यायची. "डॉक्टर, माझ्या कानात कोणीतरी धापा टाकतंय हो." आणि निघायचा काय, तर मळाचा बोळा. कान बंद झाला की आपल्याच छातीतला, नाकातला आवाज हाडांमधून कानात जातो आणि बाहेर पडायला वाट नसली की तिथेच घुमतो. बाबांच्या जुन्या हेडफोनचा स्पंज पातळ, त्यातून आवाज निसटून जायचा. या नव्याची गादी कानाला घट्ट झाकण लावत होती. चमत्कार तो एवढाच.

"आला ना?" बाबांनी विचारलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"आला, बाबा," लेक म्हणाली.

खोटं बोलली. जन्मात पहिल्यांदा ती कानांच्या बाबतीत खोटं बोलली, आणि घरी जाताना तिला त्याचं काही वाटलंही नाही. बाबा जेवले होते. अशा वेळी विज्ञान घेऊन काय करायचं, असंच तिला वाटलं.

पण पुढचे दिवस हे खोटं तिला झोपू देईना. बाबा दुपारभर तो हेडफोन लावून बसू लागले. ती बोलली तर हाताने थांबवायचे, "थांब, ही दमलीय आज." एकदा तर म्हणाले, "आज हिचा श्वास हलका लागतोय. सुधारतेय." लेक स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली.

आणि शुक्रवारी त्यांनी तिला समोर बसवलं. "तुझा सल्ला हवाय. हा हेडफोन कायमचा घ्यायचा म्हणतोय. गुरुजी म्हणाले, बदल्यात टेपमशीन द्या आणि रीळं द्या. असलं मशीन आता कुठे मिळत नाही, म्हणून शौकीन लोक त्यासाठी जीव टाकतात. रीळं ते शुद्ध करून देणार आहेत. उद्या माणूस येईल न्यायला. काय करू? बदलू की राहू देऊ? तू कानाची डॉक्टर, तूच सांग."

"हेडफोन चांगला आहे, बाबा," लेक जपून म्हणाली. "आवाज स्वच्छ आहे, कानाला टोचत नाही. हवा तर पैसे देऊन घ्या. पण मशीन कशाला देता? आईची पावलं त्याच्यावरच वाजतात. आणि शुद्ध करून म्हणजे काय करून?"

"पावलं मी जन्मभर ऐकली. मला तिचा श्वास हवाय. तो जुन्या हेडफोनात कधी आला नाही. यात येतो."

लेकीने टेबलावरच्या रिळाकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "बाबा, स्टुडिओत रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की आई श्वास घ्यायची?"

"छे." बाबांना हा प्रश्नच अपमानाचा वाटला. "दिवा लागला की छातीत हवा कोंडून चालायची ती. माइक पायाशी असतो, श्वासाची झुळूकसुद्धा टिपतो तो. लांबलचक शॉट असला की नंतर खांबाला धरून उभी राहायची बिचारी, ओठ निळे व्हायचे. बाकीच्या पावलंवाल्यांची रीळं आम्ही साफ करत बसायचो. हिच्या एकाही रिळावर श्वास सापडायचा नाही. तिचा दराराच होता तसा."

"मग हा कुठून आला?"

"म्हणून तर मी त्याला चमत्कार म्हणतो."

लेक उठली. "लावा बरं हेडफोन," म्हणाली, "मी रीळ लावते." बाबांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे खोल श्वास घ्यायला लागले. रीळ फिरलं. पावलं येत असणार, कारण त्यांचं बोट मांडीवर पावलांसोबत हलत होतं. बोट थांबलं, तेव्हा लेकीने वायरची पिन मशीनमधून हळूच उपसून घेतली.

टेपची बारीक सरसर बंद पडलेली जगात सगळ्यांच्या आधी बाबांच्या ध्यानात यायला हवी होती. त्यांच्या ध्यानात आली नाही. ते ऐकत होते. त्यांची छाती वर झाली, खाली गेली, आणि चेहऱ्यावर हसू पसरलं. "आला," ते पुटपुटले. "अगं, आज किती शांत आहे."

लेक पिन हातात धरून समोर उभी. आपण हे कशाला करतोय, असं तिला वाटलं. पिन परत खुपसून टाकावी, माणूस येईल त्याला मशीन देऊन टाकावं, आणि बाबांना बसू द्यावं असंच, राहिलेलं आयुष्य. पण खडीवर चालून चालून निळे पडलेले आईचे ओठ तिला दिसले. तिने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाबांनी डोळे उघडले. पिन पाहिली. मशीनकडे पाहिलं, रीळ मुकाट फिरत होतं. श्वास अजून येतच असावा, कारण त्यांनी मान थोडी कलती केली. मग ते कामावरचे जुने ध्वनिमुद्रक झाले. श्वास रोखून धरला. वाट पाहिली. सोडला. पुन्हा एकदा रोखला आणि पुन्हा सोडला.

"माझाच आहे," ते म्हणाले.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, वायरची नीट गुंडाळी केली. "तुला केव्हापासून ठाऊक होतं?"

"सोमवारपासून."

"तरी आला म्हणालीस."

"तुम्ही जेवला होतात, बाबा."

बाबांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, "दुसऱ्यांदा गेली गं ती." आणि मग वर्षभर न रडलेला तो माणूस लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. लेकही रडली. तिला आई गेल्याचं दुःख होतंच, पण आज ते बाबांना आपण आपल्या हाताने दिलं, हे जास्त होतं.

शनिवारी मशीन न्यायला आलेल्या माणसाला बाबांनी दारातूनच परत पाठवलं. रविवारी हेडफोन पिशवीत घालून लेकीला म्हणाले, "चल. नुसता परत करून भागायचं नाही."

शटर नेहमीसारखं अर्धंच. बाबांनी हात घालून ते वरपर्यंत ढकललं आणि सरळ चालत आत गेले. सगळे आपापले हेडफोन चढवून बसले होते.

"साधना पुरी झाली?" गुरुजींनी विचारलं.

"झाली. आज गाणं लावू नका, गुरुजी. मंडळी, हेडफोन तसेच राहू द्या. फक्त एका बाजूची वाटी जरा उचला, म्हणजे माझं बोलणं ऐकू येईल. आता प्रत्येकाने आपल्या वायरची पिन उपसा."

"यंत्राशी खेळायचं नसतं," गुरुजी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

आधी कोणी हलेना. मग गणिताच्या बाईंनी पिन काढली. गणिताची माणसं ताळा बघितल्याशिवाय राहत नाहीत. त्यांच्यामागून वकील, साहेब, विम्यावाला. "आता वाटी घट्ट बसवा आणि शांत बसा," बाबा म्हणाले आणि खुणेने त्यांना डोळे मिटायला सांगितलं. दुकान गप्प झालं. कोणी तोंड वाकडं केलं, कोणी भुवया चढवल्या. श्वास येत होता. वायर मांडीवर लोंबत होती, आणि श्वास तसाच येत होता.

"आता नाक दाबा," लेक पुढे येऊन मोठ्याने म्हणाली. सगळ्यांनी नाकं दाबली. श्वास थांबला. विम्यावाला लाल होत गेला, तो श्वास रोखल्यामुळे की आणखी कशामुळे, सांगता येत नाही.

मग लेकीने समजावून सांगितलं, शाळेतल्या पोरांना सांगावं तसं. कानाला झाकण लागलं की आपलाच आवाज आत घुमतो. त्याला हेडफोनही लागत नाही. दोन्ही कानांत बोटं घाला आणि श्वास घ्या, तोच प्राण फुकट ऐकू येईल. वाचणाऱ्यालाही खोटं वाटत असेल, तर पुढचं वाचण्याआधी करून बघावं. आधी साधा हेडफोन, मग घट्ट गादीचा, मग खोल श्वास घ्यायला लावणं, हा सगळा क्रम कशासाठी होता, ते तिने सांगायच्या आधीच वकीलसाहेबांच्या लक्षात आलं होतं. ते भिंतीकडे बघत होते.

"वायर काढली तरी मागे प्राण उरतो," गुरुजी म्हणाले. "तेच तर या हेडफोनचं वैशिष्ट्य."

पहिल्यांदाच त्या दुकानात कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. गुरुजी काउंटरमागे गेले आणि उगाच कागद खालीवर करू लागले. "लोकांना आनंद मिळत होता," ते तिथून म्हणाले. "तुमचं काय जात होतं?"

"माझं टेपमशीन," बाबा म्हणाले.

लोक एकेक करून उठले, टोपलीतून आपापले मोबाइल शोधून बाहेर पडले. गणिताच्या बाई मात्र बसून राहिल्या. त्यांचा तरुण मुलगा गेला होता. गिटार वाजवायचा. घरात, आपल्या खोलीत त्याने केलेलं एक रेकॉर्डिंग त्या दर रविवारी घेऊन यायच्या.

"म्हणजे तो श्वास त्याचा नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई. तुमचा होता."

"तुम्ही सांगायला नको होतं."

बाबा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. "परवा मलाही असंच वाटलं. माझी लेक माझी वैरी वाटली," ते म्हणाले. "पण बाई, गेलेल्या माणसाचं आपल्याजवळ फार थोडं उरतं. त्यात आपणच आपल्या मनाचं भरत गेलो, तर पुढे त्यांचं कुठलं आणि आपलं कुठलं, हे निवडता येत नाही. माझ्या बायकोने जिवाच्या कराराने श्वास टेपवर येऊ दिला नव्हता. तिची पावलं देऊन मी माझाच श्वास विकत घेऊन बसलो असतो. दुःख झालंय ना आपल्याला, मग आपल्याला कोणीही फसवू शकतं. म्हणून तर आपणच आधी वायर काढून बघायची. कोणी काहीही ऐकवू दे, दाखवू दे, वायर काढून बघायची."

लेकीने काउंटरवरचा तो साधा, पातळ स्पंजाचा हेडफोन आणला आणि विचारलं, "लावू का? नुसतं गिटार."

बाईंनी मान डोलावली. रेकॉर्डिंग सुरू झालं. त्यांचे डोळे उघडेच होते. त्या ऐकत राहिल्या, आणि मध्येच त्यांचा हात झटकन वर आला, वर्गात चूक दिसली की येत असेल तसा.

"इथे घाई करतो," त्या म्हणाल्या. "दर वेळी. किती सांगितलं, मोजून वाजव." आणि त्यांनी हुंदका आवरत विचारलं, "हे तरी त्याचंच ना?"

"हे त्याचंच," बाबा म्हणाले.

"मग पुन्हा लावा," बाई म्हणाल्या.